बाबांचे कान आणि बुलेटचा सायलेन्सर

लालबाग, मुंबई
५ फेब्रुवारी १९८४

ती. सुंदरताईस दगडूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन पडलंय आणि उत्तर आज देतोय, तेव्हा काय शिव्या घालायच्या त्या आधीच घालून घे. पण खबर ऐकशील तर माफ करशील. मला गाडी मिळाली! म्हणजे माझी नव्हे, गिरगावातल्या आमच्या प्रेसची. मालक गुरुदत्तराव खोताच्या वाडीत राहतात, तिथे त्यांच्या जिन्याखाली जुनी बुलेट धूळ खात पडली होती. म्हणाले, ‘दगडू, लग्नपत्रिकांची प्रूफं घेऊन तू दादर-माटुंग्याला बसने हिंडतोस, दिवस त्यातच जातो. ही चालू करून घे, घरी पण नेत जा.’ तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, ताई.

गाडी ठीक होती, फक्त सायलेन्सर गंजून चाळण झालेला. ऑपेरा हाउसला पार्टच्या दुकानांत गेलो. कंपनीचा मिळेना, मग बाजारात बनवलेला घेतला. लांब, चकचकीत. दुकानदार म्हणाला, ‘आवाज थोडा ओपन है, लेकिन लडके लोग यही माँगते हैं.’ थोडा कसला! गाडी चालू केली आणि समोरच्या झाडावरची कबुतरं उडाली. मी खूश. नाक्यावर वळलो की अख्ख्या चाळीला कळतं दगडू आला.

आता रडगाणं. एक म्हणजे गुरुदत्तरावांच्या बेबीआत्या. वय सत्तरीपुढे, तरी सगळ्यांची बेबीच. त्यांचं घर लाकडी. मी वाडीत शिरलो की कपाटातल्या कपबश्या नाचतात म्हणे. मालक सरळ म्हणाले, ‘आवाज कमी कर, नाहीतर किल्ली परत दे.’

आणि दुसरे आपले बाबा. तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी संप ढिला पडला, मिलचं गेट अर्धं उघडलं, टाइमकीपरने यादी वाचली. ‘विठोबा धाकू’ म्हणून तीनदा पुकारलं आणि आपला बाप जागचा हलला नाही. भिवाकाका शेजारीच उभे होते. अजून नाक्यावर सांगतात, ‘मिलच्या चिमणीकडे बघत उभा राहिला वाघ, वळूनसुद्धा बघितलं नाही.’ चाळीत मान आहे त्यांना. पण घरात? घरात तो विषय कुणी काढत नाही. आई तेवढी स्टोव्हकडे तोंड करून पुटपुटत असते, आणि बाबा दगडासारखे बसलेले.

माझ्याशी तर बोलणंच टाकलंय. मी दारातून ‘बाबा, येतो’ म्हणतो, मान वळत नाही. समोर जाऊन बसलो की कपाळाला आठ्या घालून तोंडाकडे बघत राहतात आणि एकच वाक्य, ‘मिशी काढ ती.’ प्रेसमध्ये सगळे ‘ए पोरा’ म्हणायचे म्हणून ठेवली गं मी. ओठावर उतरलीय, पण रुबाबदार दिसते.

बाबांचे कान किती तिखट ते तुला सांगायला नको. त्यांच्या डोक्याशी मी रोज ही धडधड घेऊन येतो, त्याचाच राग असणार. दुसरं काय? तूच सांग, काय करू?

तुझा,
दगडू


मिठबाव
१४ फेब्रुवारी १९८४

चि. दगडूस आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुला अक्कल कधी येणार रे? ज्या माणसाला समोरच्या चाळीतलं कुजबुजणं ऐकू येतं त्याच्या उशाशी तू तोफ आणून उभी केलीस! विसरलास काय? सखुबाई तिच्या गॅलरीत नवऱ्याला सांगत होती, विठोबाच्या सुंदरीला राणीबागेत कुणाबरोबर तरी पाहिली. मध्ये अख्खं पटांगण, खाली तुमचा पोरांचा क्रिकेटचा दंगा, आणि बाबा आपल्या गॅलरीत बसलेले. शब्दन्‌शब्द ऐकला. माझं जे काय झालं ते तू पलंगाखालून बघितलंस. तेव्हापासून मी मुंबईत होते तोवर कुणाशी कुजबुजले म्हणून नाही.

त्यात आता मिल नाही, काम नाही. दिवसभर त्या खोलीत बसून माणसाचं डोकं आधीच फणफणलेलं असेल. तू त्यांचं सुख बघ जरा. तो सायलेन्सर का काय तो, त्याचा आवाज बंद कर. नाहीच झाला तर गाडी मालकाला परत दे आणि बसने हिंड. पाय काही झिजत नाहीत.

मिशीचं म्हणशील तर मला तुझाच राग आला. बापाने एवढीशी गोष्ट मागितली, ती पण देववत नाही? पण ते तुझं तू बघ, मी पडले लांब.

गणपतीत बाबा इथे आले होते तेव्हापासून मला त्यांची काळजी लागून राहिलीय. आले ते गप्प, गेले ते गप्प. आईला सांग, मी काजूगर पाठवतेय.

सुंदरा


लालबाग
२ मार्च १९८४

ताई,

बोंबला! गाडी पेटली होती. घाबरू नकोस, मी धड आहे, गाडीही धड आहे, फक्त इज्जत गेली.

झालं काय, सायलेन्सरचं मागचं झाकण खोललं. आत बघतो तर एक भोकाभोकांची नळी आणि तिच्या बाजूला नुसती पोकळी. गाडी बोंबलणार नाही तर काय! म्हटलं, ही पोकळी भरली की झालं. आता भरायची कशाने? आपण पडलो गिरणीवाले. दार करकरलं, घाल वेस्ट. भांडं गळलं, कोंब वेस्ट. पलंगाखाली त्या सुताच्या गुंतवळ्याची अजून गोणी आहे. मी नळीला मस्त जाड थर गुंडाळला, तारेने बांधला, परत आत घातला. आणि काय सांगू, गाडी अशी गोड चालली! चिंचपोकळीपर्यंत मी स्वतःवरच खूश. मग वास यायला लागला. बसचा कंडक्टर दांडीला लटकून ओरडला, ‘अरे ओ मिशीवाले, पीछे देख!’ मागे बघतो तर धुराचा लोट आणि आत लालभडक. पानवाल्याने बादली ओतली. कापूस गरम नळीला गुंडाळला तर पेटणार, हे कुणीही शहाणा सांगेल. पण जन्म वेस्टमध्ये गेला ना आपला.

मग दुसरा उपाय. वेल्डिंगवाल्याकडून मागच्या तोंडाला पत्रा मारून घेतला, मध्ये बारीक भोक. आवाज गेला, पण गाडीचा दमही गेला. परळच्या पुलावर चढेना. धूर जायला वाट नाही, इंजिन तापून लाल, वर उलटी फटफट शिंकते. माझ्या शेजारून हातगाडीवाला पुढे गेला. पत्रा त्याच दिवशी काढून टाकला.

पण ते सोड. मला गोंधळात टाकलंय ते बाबांनी. पत्रा काढल्यावर मी चाळीखाली गाडी चालू ठेवून आवाज कुठून येतो ते बघत होतो. बाबा जिना उतरून आले. म्हटलं, आता फाडफाड बोलणार. तर त्यांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. तसेच. गाडी धडधडतेय, हात टाकीवर, चेहरा असा शांत की मिल बंद झाल्यापासून मी पाहिला नव्हता. मी कानाशी वाकून म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला त्रास होतो ना? करतो कमी आवाज. शप्पथ.’ डोळेसुद्धा उघडले नाहीत. मग गाडी बंद केली तर दचकून माझ्याकडे बघितलं, जणू मीच काहीतरी हिसकावून घेतलं, आणि वर निघून गेले.

याचा अर्थ काय लावायचा? राग आहे का नाही? माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

दगडू


मिठबाव
११ मार्च १९८४

चि. दगडूस,

मेल्या, जळून मेला असतास म्हणजे! तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या, मला मात्र घाम फुटला.

आता शहाणपणा पुरे. कॉटन ग्रीनच्या गोदामात कोंडीरामकाका कामाला लागलेत ना? ते आपल्या मिलमध्ये बॉयलरवर होते. वाफेच्या नळ्यांना काचेची लोकर गुंडाळायचं काम त्यांचंच असायचं. ती जळत नाही. बाबांचा डबा घेऊन मी लहानपणी जायचे तेव्हा गेटवर त्यांना नेहमी बघायचे, हाताला पट्ट्या बांधलेल्या. त्यांना विचार.

बाबांनी टाकीवर हात ठेवला त्याचं मला काय ते सांगता येत नाही. बहुतेक ‘बंद कर एकदाची’ असंच सांगत असतील. तू बंद केलीस म्हणून गेले. एवढं सोपं आहे ते. तू फार डोकं चालवू नकोस, चालत नाही.

जेवतात ना नीट? ते कळव.

सुंदरा


लालबाग
२५ मार्च १९८४

ती. ताईस,

फत्ते! कोंडीरामकाकांनी गोदामाच्या मागे बसवून घेतलं आणि स्वतः करून दिलं. नळीला काचेच्या लोकरीचा थर, त्यावर तार, मग झाकण. ‘पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल’ म्हणाले होते, मी हिरो, ऐकलं नाही. दोन्ही हात असे खाजले की आई खोबरेल चोळून थकली. पण गाडी! पुटपुट, पुटपुट. दमही शाबूत. पूल सरळ चढते. बेबीआत्यांनी खिडकीतून हात हलवला आणि वरून शिंगोऱ्या, करंजीसारख्या असतात त्या, खायला दिल्या. गुरुदत्तरावांनी प्रेसमध्ये सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आता वाटलं, बाबा बोलतील. ताई, ते बिघडले गं आणखी.

पूर्वी, आई सांगते, मी नाक्यावर यायच्या वेळी ते बाकावरून उठायचे, तिला ‘इलो’ म्हणायचे आणि माझं ताट स्वतः मांडायचे. मला हे माहीतच नव्हतं! मी वर येईपर्यंत ते परत बाकावर, तोंड फिरवून. आता ते संध्याकाळ झाली की गॅलरीत जातात, आत येतात, परत गॅलरीत. आई म्हणते, ‘ह्यांका काय झालां समजणां नाय.’ मी दारात उभा राहिलो की एकदम दचकतात. ‘इलंस कधी?’ विचारतात. टोमणाच तो! म्हणजे बघ, आवाज होता तेव्हा राग, आता चोरासारखा येतो म्हणून राग. माणसाने करायचं तरी काय?

काल आईने भाजी चिरता चिरता हळूच म्हटलं, ‘कामावर गेले असते तर ही पाळी आली नसती.’ पाठमोरी होती, पण बाबांचे कान! म्हटलं, आता उसळणार. ते खिडकीबाहेर चिमणीकडे बघत राहिले. असा कसा माणूस आतल्या आत धुमसतो? भीती वाटते मला.

जेवण अर्धं झालंय. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

दगडू


लालबाग
३ एप्रिल १९८४

ताई,

अक्षर लागलं नाही तर समजून घे. बाबांना माझ्याच गाडीने पाडलं.

जिवाला धोका नाही. मनगट दुखावलंय, पट्टी बांधलीय, कोपर सोललंय. ते आधी वाच आणि मग पुढचं वाच.

संध्याकाळी मी गल्लीत मागच्या बाजूने शिरलो. बाबा रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, नाक्याकडे बघत उभे. मी हॉर्न दिला. परत दिला. दाबूनच धरला. गल्लीतले सगळे वळले, कुत्रीसुद्धा उठली, आणि बाबा तसेच. मला वाटलं सरकतील, त्यांना नाही ऐकू आलं तर कुणाला येणार! म्हणून ब्रेक दाबायला उशीर केला. हँडल त्यांच्या हाताला लागलं आणि ते पडले.

ताई, ते मुद्दाम सरकले नाहीत. मी तुला हे लिहितोय, दुसऱ्या कुणाला बोललो नाही. गेटवर जसे उभे राहिले होते, अगदी तसेच उभे होते. भिवाकाका तर बोललेच, ‘विठोबा कशाला बाजूला होतोय!’ त्यांना कौतुक वाटतं. मला नाही. दोन वर्षं घरी बसलेला माणूस गाडीसमोर पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याने काय ठरवलं असेल? आपल्या गल्लीतच असं झालंय पूर्वी, तुला नाव सांगायला नको. आईला मी रॉकेलचा डबा शेजाऱ्यांच्या खोलीत ठेवायला सांगितला, कारण सांगितलं नाही. ती समजली. तेव्हापासून पदर डोळ्यांना लावूनच फिरते.

दवाखान्यात मी त्यांच्या पाया पडलो. रडत म्हटलं, ‘बाबा, असं का केलंत? माझ्या गाडीखालीच का?’ त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, वैतागले आणि म्हणाले, ‘आदी ती मिशी काढ रे.’

मिशी! बाप मरायला निघालाय आणि मिशी! डोक्यावर परिणाम झालाय का गं त्यांच्या? प्रेसमध्ये सुट्टी मागितलीय. गाडी वाडीत लावून आलोय, परत हात लावणार नाही. मला काहीच समजत नाही. तू ये, किंवा काय करू ते लिही. लवकर.

दगडू


मिठबाव
८ एप्रिल १९८४

दगडू बाळा,

मी यायलाच निघाले होते, पिशवी भरून झाली होती. तुझी सगळी पत्रं गाडीत पुन्हा वाचू म्हणून काढली आणि ओसरीवर बसूनच वाचली, आणि तिथेच बसून राहिले. आता मी सांगते ते नीट वाच. वाचून लगेच कर.

गणपतीत बाबा आले होते तेव्हा एकदा वाऱ्याने कंदील विझला. आमच्याकडे वीज अजून नाही. मी अंधारात बाबांशी बोलत बसले. मिलचं, तुझं, माझ्या मनातलं, जे कधी बोलले नाही ते सगळं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. मला इतकं लागलं ते! मग सासूबाईंनी कंदील आणला, आणि बाबा हसून म्हणाले, ‘बोल गो, गप का बसलंस?’ मला वाटलं, माझं बोलणं त्यांना नको होतं म्हणून नाटक करतायत. म्हणून तर मी तुला लिहिलं, गप्प आले, गप्प गेले.

आता हे जोड. आपण लहान असताना बोललो की बाबा हनुवटी धरून तोंड वळवायचे, ‘हयसर बघून बोल.’ साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा दारातून बघितलंय. दोन माणसं दोन टोकांना उभी, आवाज न काढता गप्पा मारतायत आणि हसतायत.

सखुबाईचं बोलणं बाबांनी ऐकलं नव्हतं रे. बघितलं होतं.

बाबांचे कान तिखट नाहीत, दगडू. बाबांना कान नाहीतच. डोळे तिखट आहेत. आपण सगळे घरात मोठ्याने आणि तोंडावर बोलणारी माणसं, गिरणीवाल्यांच्या घरात असंच बोलतात, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी पण मूर्ख, तुला म्हटलं आवाज बंद कर. त्यांना तुझा तो एकच आवाज लागत असणार. पायाखालून, बाकातून, टाकीतून. त्यावरून ते तुझं ताट मांडत होते. तो आपण दोघांनी मिळून बंद केला.

ते मरायला उभे नव्हते. तुझी वाट बघायला उभे होते.

मागे उभा राहून हाक मार. मग मिशी काढ. आज काढ. आणि हे झालं की गेटवरचं आठव. मला पुढे लिहवत नाही.

सुंदरा


लालबाग
२२ एप्रिल १९८४

ती. ताईस दगडूचा साष्टांग नमस्कार, खराखुरा, जमिनीला डोकं टेकून.

तुझं पत्र जिन्यातच फोडलं. वर आलो. बाबा बाकावर पाठमोरे. मी हळू म्हटलं, ‘बाबा.’ मग मोठ्याने. मग जी शिवी आयुष्यात त्यांच्यासमोर दिली नाही ती दिली. आईच्या हातातलं ताट पडलं, ठणठणाट झाला, बाबा चिमणीकडे बघतायत. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. तिला पत्र वाचून दाखवलं. तिने वळून स्टोव्हकडे बघितलं. ‘दोन वर्सां मी स्टोव्हाकडे तोंड करून ह्यांका बोलतंय,’ म्हणाली, ‘एक अक्षर पोचला नाय?’ मग रडायची सोडून हसायलाच लागली. म्हणते, बरां झाला, काय काय बोललंय मी!

मी तसाच खाली गेलो, न्हाव्याकडे. गुळगुळीत करून आलो. समोर बसलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, ‘बाबा, ऐकू येतं का?’

ताई, ते असे हसले! ‘येता,’ म्हणाले. ‘आता येता. त्या झुडपातसून काय दिसणार कपाळ?’ मी विचारलं, सांगितलं का नाही इतकी वर्षं? तर म्हणे, ‘साच्यावर सगळेच तसे. त्यात काय सांगूचा?’

गल्लीत उभे होते ते नाक्याकडेच बघत होते. गाडीचा धक्का पायात जाणवेना, म्हणून म्हणे पोरगो खंय पडलो का काय, बघूया. आणि पोरगा मागून आला.

आता गाडी. बेबीआत्यांच्या कपबश्या आहेत, आणि इकडे बाबा आहेत. कोंडीरामकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी नुसतं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, माझाही तसाच म्हणून, आणि ते कामाला लागले. सायलेन्सरमधली लोकर काढली आणि एक आखूड नळी बनवून तीत भरली. बुचासारखी मागून आत बसते, एका बोल्टवर. खोताच्या वाडीत बूच आत. लालबागचा नाका आला की थांबतो, बोल्ट काढतो, बूच बाहेर. तापलेलं असतं, हात भाजतो, म्हणून वेस्टचा बोळा ठेवलाय खिशात. गोणी अखेर कामाला आली. चाळीतले दोन-चार जण कुरकुरले, पण आईने जिन्यात उभं राहून अशी सुनावली की आता गप्प आहेत. मी वर येतो तेव्हा ताट मांडलेलं असतं.

आता तू जे लिहवत नाही म्हणालीस ते.

मी खूप दिवस घोळवलं. भिवाकाका अजून नाक्यावर पोरांना तीच गोष्ट सांगतात, विठोबा कसा ताठ उभा राहिला, टाइमकीपरला कशी भीक घातली नाही. खरं सांगितलं तर बाबांचा मान जातो. आणि बाबांना सांगितलं तर? चांगली चालून आलेली नोकरी कानामुळे गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू? न सांगितलं तर सुखाने बसतील असंही वाटेना, कारण ती चिमणीकडची नजर मी रोज बघतो. त्यांच्या मनात काय आहे तेच मला माहीत नव्हतं. तुला विचारणार होतो. मग वाटलं, हे पत्राने विचारायचं नाही.

काल आई भाकऱ्या थापत होती. मी समोर बसलो, आवाज काढला नाही. ओठांनीच म्हटलं, ‘बाबा, गेटवर तुमचं नाव पुकारलं होतं.’

त्यांनी माझं तोंड जवळ ओढून घेतलं. ‘परत बोल.’

‘तुमचं नाव पुकारलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नाही. सगळ्यांना वाटलं, तुम्ही मुद्दाम गेला नाहीत.’

‘कोणी पुकारल्यान?’

‘टाइमकीपरने. यादी वाचताना.’

‘इठोबा धाकू म्हणान?’

‘हो. विठोबा धाकू म्हणून. तीनदा.’

ते खिडकीकडे वळले. मला वाटलं, गेलं सगळं, कशाला बोललो मी. आईचा हात भाकरीवर थांबलेला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मगे नाव होता. माका वाटला, नावच खोडून टाकल्यानी.’

वर्षभर, ताई. वर्षभर ते चिमणीकडे बघत हे धरून बसले होते की आयुष्य घातलं त्या मिलने आपलं नावसुद्धा यादीत ठेवलं नाही. नोकरी गेल्याचं त्यांना एवढं नव्हतंच. नाव पुकारल्याचं त्यांच्या तोंडावर कुणी बोललंच नाही; चाळ नुसतं ‘ताठ राहिलास’ म्हणायची, त्यांना वाटायचं संपाचं म्हणतायत.

मी विचारलं, भिवाकाकांना खरं सांगू का? गॅलरीतून खाली बघितलं त्यांनी. नाक्यावर काका पोरांना काहीतरी सांगत होते. बाबांनी थोडा वेळ त्यांचे ओठ वाचले आणि हसू आलं त्यांना. ‘रवांदे,’ म्हणाले, ‘सांगांदे तेका. बरो सांगता.’

मग आईला म्हणाले, ‘वाढ गो.’ काल ते पोटभर जेवले.

दगडू